राखणीच्या कुत्र्याची कातडी आणि स्टेरॉइडची गोळी



गाई-म्हशींच्या आजाराबद्दल आपण चार ठिकाणी विचारतो, वस्तीवरच्या कुत्र्याकडे मात्र ते अंथरूण धरेपर्यंत कुणाचे लक्ष जात नाही. रात्री फडात रानडुक्कर शिरले की पहिला आवाज त्याचाच असतो. मग ते साधे गावठी असो, नाहीतर आपल्या भागात हौसेने सांभाळलेले कारवान असो.

कुत्र्याचे केस झडले, अंगावर खपल्या धरल्या की आपण म्हणतो, "लूत लागली." पुष्कळदा ते खरेही असते. लूत, गोचीड, पिसवा, बुरशी ही नेहमीची कारणे. पण काही कुत्र्यांत कीड सापडतच नाही. रोगाशी लढणारी शरीराची शक्तीच स्वतःच्या कातडीवर उलटलेली असते. राखणदाराने घरच्याच माणसाला चोर समजून काठी हाणावी, तसा हा प्रकार.

कुत्र्यांत असा जो कातडीचा रोग जास्त दिसतो त्याला पेम्फिगस फोलिएशस म्हणतात. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे बंध सुटतात. पुटकुळ्या येतात, फुटतात, पिवळट खपली धरते. नाकाचा दांडा, डोळ्यांभोवतीचा भाग, कानाच्या पाळ्या आणि पायाचे तळवे ही त्याची ठिकाणे, आणि बहुधा दोन्ही बाजूंना सारखीच. तळवे जाड होऊन भेगाळले की कुत्रे लंगडते. दुसरा रोग डिस्कॉइड ल्यूपस. यात नाकाचा काळा शेंडा राखी पडतो, त्यावरची बारीक नक्षी जाऊन तो गुळगुळीत होतो, पुढे जखमा होतात. उन्हाने हा वाढतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. अशा कुत्र्याला भर उन्हात साखळीला बांधून ठेवू नये. हे दोन्ही रोग जनावरांना किंवा पोराबाळांना लागत नाहीत, म्हणून कुत्रे रानात सोडून देण्याचे कारण नाही.

जळके ऑईल, फवारणीचे औषध कुत्र्याला चोळण्याची आपली जुनी खोड आहे. कुत्रे अंग चाटते आणि ते विष पोटात जाते. ती खोड सोडलेली बरी.

आधी डॉक्टरांकडून कातडी खरवडून किडे आहेत का ते बघून घ्यावे. हे न करता कुणी "खाज थांबवायची" म्हणून स्टेरॉइडची सुई दिली आणि आत लुतीचे किडे निघाले, तर लूत दुप्पट फोफावते. शंका राहिली तर पुटकुळीतला पू काचपट्टीवर घेऊन, किंवा कातडीचा बारीक तुकडा काढून तपासतात. त्याआधी कुत्र्याला धुऊ नये, खपल्या ओरबाडू नयेत. तपासणीला लागते ते त्या खपलीतच असते. शिरवळचे किंवा परळचे पशुवैद्यक महाविद्यालय गाठावे लागले तरी खेप वाया जात नाही.

औषध मुख्यतः प्रेडनिसोलोन. पेम्फिगसमध्ये सुरुवातीला दर किलो वजनाला दिवसाला सुमारे 2 मिलिग्रॅमपर्यंत देतात. म्हणजे 25 किलोच्या कुत्र्याला 50 मिलिग्रॅम, 5 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या! आकडा ऐकून घाबरू नये आणि मनाने घटवूही नये. वजन करून डॉक्टरच तो ठरवतात. गोळी सकाळी, पोटात भाकरी गेल्यावर द्यावी.

आता अडचण इथे येते. चार-आठ दिवसांत कुत्रे घडाघडा पाणी पिते, वारंवार मुतते, धापा टाकते, भाकरीवर तुटून पडते. घरची माणसे वैतागतात, पाणी कमी करतात. पाणी कधीही तोडू नका. अशा कुत्र्याला लघवी रोखून धरता येत नाही, त्यात त्याचा दोष नाही. भाकरी मात्र मोजूनच द्या. पुढे पोट लोंबते, मांड्या उतरतात, कातडी पातळ होते. कारवान मुळातच सडपातळ, त्यामुळे उतरलेल्या मांड्या लवकर ध्यानात येत नाहीत. हाताने चाचपून बघा.

मग दुसरी चूक होते. खपल्या गळाल्या, कुत्रे हिंडू-फिरू लागले, की गोळी एकदम बंद. बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना शरीरातली अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे काम थांबवून बसते. गोळी एकाएकी तुटली की ती लगेच जागी होत नाही. कुत्रे अन्न सोडते, ओकते, गळून पडते, प्रसंगी दगावते. नव्या पुटकुळ्या थांबल्यावर डॉक्टर दर दोन ते चार आठवड्यांनी साधारण पाव हिस्सा कमी करत नेतात, शेवटी एक दिवसाआड. यात महिने जातात, काहींना थोडी गोळी जन्मभर लागते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोजच्या गोळ्यांचा आकडा लिहून ठेवा, म्हणजे सकाळी एकाने दिली, पुन्हा दुसऱ्याने दिली असे होणार नाही. पाकीट संपायच्या आठ दिवस आधी नवे आणा.

स्टेरॉइडचा भार कमी करण्यासाठी कधी अॅझाथायोप्रिन जोडतात. त्याने रक्तपेशी घटू शकतात, यकृतावर ताण येतो, म्हणून सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी रक्त तपासावे लागते. सायक्लोस्पोरिन महाग, आणि त्याने ओकारी-हगवण होऊ शकते. नुसत्या नाकावरच्या ल्यूपसला बरेचदा टॅक्रोलिमसच्या मलमावर भागते.

कुत्रे लंगडते म्हणून घरातली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन या गोळ्यांसोबत कधीही देऊ नका. जठराला व्रण पडून आत रक्तस्राव होतो. शेण्या डांबरासारखी काळी विष्ठा दिसली, रक्ताची ओकारी झाली, कुत्र्याने खाणेच सोडले, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. पिसाळ रोगाच्या लसीची तारीख जवळ आली असेल तर चालू गोळ्यांची चिठ्ठी त्यांना आधी दाखवा.