ओझे, भार आणि बोजा

बाजाराच्या दिवशी सकाळी सावंतवाडीच्या रस्त्याने आसपासच्या गावांतल्या बाया येताना दिसतात. कुणाच्या डोक्यावर भाजीची पाटी असते, कुणाच्या फणस, तर कुणाच्या लाकडांचा भारा. बाजारात पोचल्यावर एक दुसरीला म्हणते, "गो बाय, वायच हात लाव. वझा उतरूक व्हया."

आपण ज्याला वझा म्हणतो त्याला पुस्तकात ओझे म्हणतात. आपण ज्याला भारो म्हणतो त्याला पुस्तकात भारा म्हणतात. तोंडातला शब्द आणि कागदावरचा शब्द यांत फार अंतर नाही. आज असे काही शब्द वाचू. शेवटी एक शब्द असा येईल, की तो वाचता आला नाही तर जमिनीचे नुकसान होऊ शकते.

आधी ओझे. ओझे म्हणजे वाहायची वस्तू. नदीत धोंडा पडून आहे, तोवर तो नुसता जड आहे. कुणी तो डोक्यावर घेतला, की त्याचे ओझे झाले. म्हणजे ओझ्याला नेहमी माणूस लागतो, नाही तर जनावर लागते.

भार या शब्दाचे तसे नाही. घराच्या कौलांचा भार वाशांवर असतो, वाशांचा भिंतीवर. भिंत कुठे चालत जात नाही, ती उभ्या उभ्या भार सोसते. म्हणून ओझे वाहतात आणि भार सोसतात. घरातला कर्ता माणूस गेला म्हणजे 'सगळा भार थोरल्यावर आला' असे आपण म्हणतो. तिथे ओझे हा शब्द तितका चांगला बसत नाही. ओझे संध्याकाळी खाली ठेवता येते. घराचा भार कुठे ठेवणार?

भारपासून भारी झाले. भारी म्हणजे जड. पुढे महाग वस्तूलाही भारी म्हणू लागले. भारी लुगडे वजनाला हलके असले तरी भारीच. आणखी एक गंमत बघा. संस्कृतात जड वस्तूला गुरू म्हणतात. शिकवणाऱ्याला आपण गुरू म्हणतो, तो हाच शब्द.

आता डोईजड. डोई म्हणजे डोके. डोक्याला पेलत नाही इतके जड ते डोईजड. चुंबळ करून, मान ताठ ठेवूनही जे सावरत नाही, ते. हा शब्द डोक्यावरून खाली उतरला आणि घरभर फिरला. लग्नाचा खर्च डोईजड होतो. औषधपाणी डोईजड होते. आणि ऐकत नाही अशा माणसालाही डोईजड म्हणतात. शिकलेली सून चार शब्द बोलली, की ती डोईजड झाली! पण शब्दाचा अर्थ नीट पाहिला तर तो बोलणाऱ्याविषयीही काही सांगतो. 'मला हे पेलत नाही' एवढेच तो म्हणतो. दोष ओझ्याचा की डोईचा, हे त्या शब्दात कुठेच लिहिलेले नाही.

डोक्यावर ओझे घेऊन पोट भरणाऱ्यांना दोन नावे आहेत. एक हमाल. हा शब्द अरबी भाषेतून आला. दुसरे माथाडी. माथा म्हणजे डोके, त्यावरून माथाडी. महाराष्ट्र सरकारने १९६९ साली माथाडी आणि हमाल कामगारांसाठी कायदा केला. त्याआधी ह्या कामगारांना नेमका मालकच नसे. आज ह्या व्यापाऱ्याचा माल, उद्या त्याचा. पडला, पाय मोडला, तर जबाबदार कोण? ह्या कायद्याने मंडळे नेमली. कामगाराची नोंद मंडळात होते, आणि मजुरी मंडळामार्फत मिळते.

माणसाने किती उचलावे? जगातल्या देशांची एक कामगार संघटना आहे, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना. तिने १९६७ साली शिफारस केली, की एका पुरुषाला एका वेळी ५५ किलोपेक्षा जास्त ओझे देऊ नये आणि बाईला त्याहून पुष्कळ कमी द्यावे. आपल्याकडे साखरेचे पोते कित्येक वर्षे १०० किलोचे होते. ते एकट्या माणसाच्या पाठीवर जायचे.

जनावरांसाठीही नियम आहे. भारत सरकारने तो १९६५ साली केला. गाढवाच्या पाठीवर ५० किलो, तट्टावर ७० किलो, लहान बैलाच्या पाठीवर १०० किलो, याहून जास्त घालू नये. लहान बैलांच्या जोडीने ओढायच्या दोनचाकी गाडीत रबरी धावा नसतील तर ५०० किलो. मोठी चढण असेल तर त्याच्या निम्मेच. एके काळी वेंगुर्ला बंदरात उतरलेला माल सावंतवाडीवरून आंबोलीचा घाट चढून बेळगावला जाई. त्या घाटात बैलांनी काय ओढले असेल, ते घाट पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

घरातल्या बाईच्या ओझ्याला मात्र नियम नाही. हिशोब करून बघा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. डोक्यावर १२ लिटरची कळशी, कमरेवर १२ लिटरची, मिळून २४ किलो. भांड्यांचे वजन वेगळे. विहिरीच्या सहा खेपा झाल्या तर १४४ किलो पाणी घरात आले. हे काम मोजले जात नाही, म्हणून दिसतही नाही. मोजून पाहिले तर घरातल्या पुरुषालाही एक कळशी उचलावीशी वाटेल, असा माझा समज आहे.

मुलांच्या दप्तराचे वजन मात्र सरकारने मोजले. महाराष्ट्रात २०१५ साली आदेश निघाला, की दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड असू नये. मूल २५ किलोचे असेल तर दप्तर अडीच किलोचे. घरी काटा असेल तर एकदा तोलून पाहा.

न दिसणारी ओझीही असतात. उपकाराचे ओझे असते. मनावर दडपण असते. मुलीची पाठवणी करताना पाय जड होतात. कामाने माणूस मेटाकुटीला येतो. आणि भाराने वाकणे नेहमी वाईटच असते असेही नाही. फणस लगडतो, आंब्याच्या फांद्या फळांनी जमिनीला टेकतात. त्याला कुणी 'झाड लादले' म्हणत नाही, 'झाड लगडले' म्हणतात. लादतो तो दुसरा. लगडते ते आपले आपण.

आता तो शेवटचा शब्द, बोजा. बोजा म्हणजेही ओझेच. पण कचेरीत ह्या शब्दाला वेगळे काम आहे. तुमच्या जमिनीचा सात-बारा उतारा घ्या. त्यात 'इतर अधिकार' असे लिहिलेली जागा शोधा. जमीन तारण ठेवून सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज घेतले असेल, तर तिथे बोजा लिहिलेला असतो. शेजारी संस्थेचे नाव आणि रकमेचा आकडा असतो. ह्याचा अर्थ, कर्ज फिटेपर्यंत ह्या जमिनीवर त्या संस्थेचाही हक्क आहे. हे ओझे माणसाच्या डोक्यावर नाही, जमिनीच्या डोक्यावर आहे. मालक बदलला म्हणून ते उतरत नाही. बाप वारला तर ते मुलांकडे येते. न वाचता जमीन विकत घेतली तर ते घेणाऱ्याकडे येते.

आपल्या भागात एका उताऱ्यावर वीस-पंचवीस नावे असतात. चुलते, आत्या, मुंबईचे भाऊबंद. तेवढी नावे वाचतानाच डोळे थकतात आणि खालचा बोजा वाचायचा राहून जातो. नावे मागाहून वाचली तरी चालेल. बोजा आधी वाचा.

पुष्कळांना वाटते, कर्ज फेडले म्हणजे बोजा आपोआप उतरला. तसे धरून चालू नका. पैसे भरल्यावर संस्थेकडून कर्ज फिटल्याचा दाखला मागून घ्या. तो दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज द्या. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. अर्जाची पोच घ्या. मग फेरफाराची नोंद होते. मंडळ अधिकारी ती मंजूर करतात. त्यानंतर नवा उतारा काढा आणि स्वतः वाचा. जुन्या उताऱ्यांवर उठलेली नोंद कंसात दाखवत. नव्या उताऱ्यावर तिच्यावर आडवी रेघ मारलेली असते. कंस नाही, रेघ नाही, तर बोजा अजून आहे. मग फेडलेल्या कर्जाच्या पावत्या पेटीत असल्या तरी पुढच्या कर्जाच्या वेळी किंवा वाटणीच्या वेळी अडचण येते. ज्याने फेडले तो हयात असताना हे काम करणे सोपे. मुलांना पावत्या शोधत बसावे लागते.

आजच्या धड्यातले हे शब्द वहीत तीन तीन वेळा लिहा: ओझे, भार, डोईजड, बोजा, दाखला, फेरफार. पुढच्या वर्गाला येताना घरचा सात-बारा घेऊन या. ज्याच्या उताऱ्यावर बोजा आहे त्याने रकमेचा आकडा आधी स्वतः वाचावा, मग शेजाऱ्याकडून वाचवून घ्यावा. दोघांचा आकडा जुळला म्हणजे वाचन बरोबर झाले.