मानोने आणलेला पाहुणा

(या पाठात लेखिकेने आपल्या लहानपणची एक आठवण सांगितली आहे. घरचे मांजर जिवंत उंदीर घरात का आणते आणि अशा वेळी आपण काय करावे, याची माहिती या पाठातून मिळते.)

मुलांनो, तुमच्या घरी मांजर आहे का? असेल, तर पुढचा प्रसंग तुमच्याही घरी घडला असेल. रात्रीची वेळ आहे. सगळे झोपले आहेत. इतक्यात मांजर खिडकीतून आत उडी मारते. त्याचा आवाज नेहमीसारखा नसतो. तोंडात काहीतरी धरून ते घुमल्यासारखे ओरडते. दिवा लावून पाहावे, तर त्याच्या तोंडात उंदीर! आणि तोही जिवंत! आपण घाबरून ओरडतो. मांजर तोंड उघडते आणि उंदीर कपाटाखाली पसार होतो. मग कसली झोप आणि कसले काय!

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. उर्दूत आपण ‘बिल्ली आई’ असे म्हणतो. मराठीत मात्र ‘ते मांजर आले’ असे म्हणतात, कारण ‘मांजर’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. मादी असेल तर ‘ती मांजरी’ आणि नर असेल तर ‘तो बोका’.

आमच्या मांजरीचे नाव मानो. शेजारच्या काकू तिला मनीमाऊ म्हणत. दोन्ही नावांना ती ओ देई. मी तेव्हा सातवीत होते. आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहान गावात आहे. वर कौलारू छप्पर, पुढे पडवी, मध्ये माजघर आणि माजघरातून शिडीने चढून गेले की माळा. भातकापणी नुकतीच संपली होती. नवे भात कणगीत भरून ठेवले होते. शेते रिकामी झाली की शेतातले उंदीर दाण्यांच्या शोधात घरांकडे वळतात. त्यामुळे मानोला शिकारीला तोटा नव्हता. अम्मी तिला दूधभात आणि मासळीची डोकी घाली. मानो ते सगळे चाटूनपुसून खाई आणि रात्र झाली की पुन्हा बाहेर पडे.

एके रात्री तिने माजघरात जिवंत उंदीर आणला. दुसऱ्या रात्री चिचुंद्री आणली. तिसऱ्या रात्री पुन्हा उंदीर. आम्ही ओरडलो, तसा तिच्या तोंडातून उंदीर सुटला. माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा होता. उंदराला लागले आहे असे वाटून त्याने तो हातात उचलला. उंदीर त्याच्या बोटाला कडकडून चावला. रक्ताची धार लागली. अम्मीने त्याचे बोट साबण लावून वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुतले. सकाळी त्याला आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टरांनी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि ताप आला तर लगेच या, असे बजावले.

अब्बा फार संतापले. ते म्हणाले, “उंदीर घराबाहेर जावेत म्हणून आपण मांजर पाळतो. ही तर बाहेरचे उंदीर घरात आणते! आजच हिला पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून येतो.”

त्यांनी खरोखरच पोते काढले. मी रडू लागले. भाऊ बोटाला पट्टी बांधून बसला होता. तोही म्हणाला, “अब्बा, मानोने मला नाही चावले.” पण अब्बा ऐकायला तयार नव्हते. आणि त्यांचे तरी काय चुकले होते? मुलाच्या बोटातून वाहणारे रक्त त्यांनी पाहिले होते.

तेव्हा दादी म्हणाली, “बेटा, पोते खाली ठेव. आधी माळ्यावर जाऊन बघ.”

मानोला पिल्ले झाली होती, हे आम्हाला माहीत होते. पण तिने जागा बदलली होती आणि पिल्ले कोठे आहेत ते कोणालाच ठाऊक नव्हते. अब्बा शिडी चढून वर गेले. जुन्या गोधडीत तीन पिल्ले एकमेकांना बिलगून बसली होती. शेजारी एक मेलेला उंदीर पडला होता. एक पिल्लू त्याच्यावर पंजा मारून पाहत होते.

दादी खालूनच म्हणाली, “ती उंदीर आपल्यासाठी आणत नाही. पिल्लांकडे नेते. शिडी माजघरातून जाते, म्हणून तिला येथून जावे लागते. तुम्ही ओरडता, ती दचकते आणि उंदीर सुटतो. तू शाळेत मुलांना फळ्यावर शिकवतोस ना? तिचा फळा म्हणजे हा उंदीर.”

अब्बा शिक्षक होते. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी पोत्याची घडी घातली.

मुलांनो, दादी शाळेत गेली नव्हती. तरीही तिने जे सांगितले, तेच शास्त्रज्ञही सांगतात. मांजरी पिल्लांना शिकार शिकवते, तेव्हा आधी त्यांच्यासाठी मेलेले भक्ष्य आणते. मग ती जिवंत भक्ष्य आणून त्यांच्यापुढे सोडते. भक्ष्य पळू लागले की ती स्वतः अडवते आणि पिल्लांना पुन्हा संधी देते. अशा रीतीने पिल्ले पकडायला आणि मारायला शिकतात.

पण ज्यांना पिल्ले नाहीत, अशी मांजरे आणि बोकेसुद्धा उंदीर घरी आणतात. असे का? मांजराला घर ही सर्वांत सुरक्षित जागा वाटते. शिकार तेथे आणली म्हणजे कोणी हिसकावून घेणार नाही. शिवाय मांजराची भूक आणि शिकारीची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोट भरलेले असले तरी समोर काही हलले की ते झेप घेतेच. भूक नसेल, तर ते पकडलेला उंदीर लगेच मारून खात नाही. मांजर चिचुंद्रीलाही पकडते. पण तिच्या अंगाला उग्र वास असतो, म्हणून ते तिला बहुधा खात नाही. चिचुंद्री उंदरासारखी दिसत असली, तरी ती उंदीर नव्हे. ती मुख्यतः किडे खाते.

मांजर उंदराला सोडते, पुन्हा पकडते, पुन्हा सोडते. हे पाहून आपल्याला वाटते, की ते क्रूर आहे. मराठीत म्हणच आहे : मांजराचा खेळ होतो, पण उंदराचा जीव जातो. परंतु उंदराचे दात तीक्ष्ण असतात. चावरा उंदीर थकेपर्यंत मांजर त्याच्या फार जवळ तोंड नेत नाही. यात त्याची सावधगिरीही असते. मांजराला दुष्टपणा ठाऊक नाही. दया करणे किंवा न करणे हे माणसाच्या हातात आहे. म्हणून उंदीर तडफडत असताना आपण गंमत बघत उभे राहू नये.

माणूस आणि मांजर यांची मैत्री उंदरामुळेच झाली. सुमारे 10,000 वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला. तो धान्य साठवू लागला. धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजरे आली. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे. तिच्यात माणसाचा सांगाडा होता आणि जवळच मांजराचाही सांगाडा होता. त्या बेटावर मुळात मांजरे नव्हती. म्हणजे माणसाने त्यांना होडीतून तेथे नेले असले पाहिजे. हजरत अबू हुरैरा यांच्या नावाचा अर्थ तर तुम्हाला ठाऊकच आहे. मांजराच्या पिल्लावरील प्रेमामुळेच त्यांना हे नाव मिळाले.

आता महत्त्वाचा प्रश्न. तुमच्या मांजराने जिवंत उंदीर आणला, तर काय कराल?

पहिली गोष्ट, ओरडू नका. मांजराला मारू नका. मार का बसला, हे त्याला कळत नाही. ते फक्त तुम्हाला भिऊ लागते.

दुसरी गोष्ट, उंदराला उघड्या हाताने कधीही धरू नका. माझ्या भावाची चूक तुम्ही करू नका. उंदीर सुटला असेल, तर मांजराला बाहेर काढा. खोलीचे दार लावा आणि दाराखालच्या फटीत जुने कापड कोंबा. उंदीर भिंतीच्या कडेने धावतो. म्हणून पिंजरा भिंतीला लागून ठेवा आणि त्यात सुक्या खोबऱ्याचा तुकडा अडकवा. उंदीर कोपऱ्यात स्तब्ध बसला असेल, तर मोठ्या माणसांनी त्याच्यावर डबा पालथा घालावा आणि डब्याखाली जाड पुठ्ठा सरकवावा.

तिसरी गोष्ट, उंदीर किंवा मांजर चावले तर लपवून ठेवू नका. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि डॉक्टरांकडे जा. त्यांना कोणता प्राणी चावला ते नीट सांगा. मांजराच्या चाव्याने रेबीज होऊ शकतो, म्हणून लस घ्यायची की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस नावाचा रोग पसरतो. मुंबईत 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर या रोगाची साथ आली होती. म्हणून उंदीर फिरला ती जमीन जंतुनाशकाने पुसावी. उघडे राहिलेले अन्न टाकून द्यावे.

चौथी गोष्ट, मांजर असलेल्या घरात उंदराचे विष ठेवू नये. काही विषांमुळे उंदराचे रक्त गोठत नाही. पण तो लगेच मरत नाही. तो सुस्त होतो आणि मांजराच्या तावडीत सहज सापडतो. त्याला खाल्ल्याने मांजरही मरू शकते. आमच्या आळीतील एक पिवळा बोका असाच गेला. कोणी विष ठेवले ते कळले नाही. ठेवणाऱ्यालाही आपण काय केले ते कळले नसेल.

मांजराची शिकार कमी करता येते का? 2021 साली इंग्लंडमधील एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी 355 मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मांजरांना मांसाचे प्रमाण जास्त असलेले खाद्य दिले, त्यांनी घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी कमी झाली. ज्यांच्याशी घरची माणसे रोज पाच ते दहा मिनिटे खेळली, त्यांची 25 टक्क्यांनी कमी झाली. आणि गळ्यात घंटा बांधली त्यांचे काय? काही फरक पडला नाही! गोष्टीतल्या उंदरांना हे कोणी सांगायला हवे.

तेव्हा दोरीला कापडाचा गोळा बांधा आणि रोज थोडा वेळ मांजराला त्याच्यामागे धावू द्या. रात्री त्याला घरातच ठेवा. भिंतीतली भोके बुजवा. लहान उंदीर पेन्सिलीएवढ्या भोकातूनही आत शिरतो. धान्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून तो सतत काही ना काही कुरतडतो. लाकूड आणि प्लास्टिक त्याच्यापुढे टिकत नाहीत.

आमच्या घरी पुढे काय झाले, हे सांगायचे राहिलेच. अब्बांनी परसातल्या भिंतीपासून माळ्याच्या खिडकीपर्यंत एक लांब फळी टेकवली. रात्री माजघराची खिडकी लावून घेतली. दोनच दिवसांत मानो फळीवरून ये-जा करू लागली. त्यानंतर माजघरात उंदीर आला नाही. पिल्ले मोठी झाली. एक काकूंनी नेले, एक अब्बांच्या शाळेतील शिपायाने नेले आणि एक आमच्याकडेच राहिले. ते माझ्या भावाच्या पांघरुणात झोपे.

ते पोते बरेच दिवस खुंटीला टांगलेले होते. पुढे त्यात अम्मीने नारळ भरले. पण ते पाहिले की मला वाटे, त्या सकाळी दादी गप्प बसली असती, तर माळ्यावरच्या तीन पिल्लांचे काय झाले असते?

मुलांनो, तुमच्या घरातही कधी कोणाच्या हातात असे पोते असेल. तेव्हा रडून थांबू नका. एकदा माळ्यावर जाऊन बघा.

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मानो उंदीर कोणासाठी आणत होती?
(आ) मांजर चिचुंद्रीला बहुधा का खात नाही?
(इ) पिंजरा भिंतीला लागून का ठेवावा?

2. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अब्बा मानोला सोडून द्यायला का निघाले होते? त्यांनी तो विचार का बदलला?
(आ) मांजर असलेल्या घरात उंदराचे विष का ठेवू नये?

3. ‘तिचा फळा म्हणजे हा उंदीर’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

4. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
तोटा नसणे, ओ देणे, पसार होणे, तावडीत सापडणे.

5. उपक्रम : तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना एखाद्या पाळीव प्राण्याची आठवण विचारा आणि ती मराठीत दहा ओळींत लिहा.