स्टॅटिन गोळ्या : वाण कोणता, डोस किती ?



गटात हिंडताना हल्ली लागणीइतकीच गोळ्यांचीही विचारणा होते. "साहेब, मला दहाची अटोर्वा, शेजाऱ्याला वीसची रोसुवा. त्याची दुप्पट ताकदीची म्हणायची का?" औषध ठरविणे हे डॉक्टरांचे काम, आमचे नव्हे. पण दोन वाणांची तुलना कशी वाचायची हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. तीच नजर इथे लावू.

मूळ औषध बुरशीचे. जपानचे अकिरा एंडो, शेतकऱ्याच्या घरातले. तांदळावरच्या बुरशीतून त्यांनी १९७३ साली पहिले स्टॅटिन शोधले. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची एक पायरी ही गोळी अडवते. मग यकृत रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ओढून घेते.

गोळीने माणूस वाचतो का? १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरोग्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना सिम्वास्टॅटिन, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. सुमारे साडेपाच वर्षांत बिनऔषधाच्या गटात २५६ दगावले, सिम्वाच्या गटात १८२.

आता ताकद. नुसत्या मि.ग्रॅ.वर जाऊ नका. रोसुवा १० चे काम साधारण अटोर्वा २० इतके. आणि डोस दुप्पट केला म्हणून गुण दुप्पट येत नाही. एलडीएल आणखी जेमतेम ६ टक्के उतरते. युरियाची दुसरी गोणी टाकून उतारा दुप्पट झालेला कुणी पाहिलाय?

तरीही ज्यांना झटका येऊन गेला, स्टेंट बसला, बायपास झाले, त्यांना जोरकस डोसच लागतो: अटोर्वा ४० ते ८० किंवा रोसुवा २० ते ४०. एलडीएल निम्म्याने तरी उतरून ७० च्या आत, अनेक तज्ज्ञांच्या मते ५५ च्या आत यावे. २००४ च्या चाचणीत नुकत्याच दवाखान्यात आलेल्या ४,१६२ हृदयरोग्यांत प्राव्हास्टॅटिन ४० ने एलडीएल ९५ वर आले, अटोर्वा ८० ने ६२ वर. दोन वर्षांत मृत्यू वा हृदयाचा मोठा त्रास पहिल्या गटात २६.३ टक्के, दुसऱ्यात २२.४.

मग अटोर्वा की रोसुवा? २०२३ साली कोरियातील ४,४०० रुग्णांचा तीन वर्षांचा निकाल आला. मृत्यू, झटका, पक्षाघात, स्टेंट-बायपास मिळून रोसुवात ८.७ टक्के, अटोर्वात ८.२. म्हणजे फरक नाहीच. मात्र औषध लागेल असा नवा मधुमेह रोसुवात ७.२ टक्के, अटोर्वात ५.३. (साखर आमच्या धंद्यातली नव्हे, रक्तातली.) तेव्हा मधुमेहाच्या उंबरठ्यावर असाल, मूत्रपिंड कमजोर असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

आमच्या मते खरा घोळ वाणाचा नाहीच. रिपोर्ट चांगला आला की गोळी बंद, किंवा हंगामात टोळीमागे धावताना दोन-दोन महिने खंड. अहो, रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळेच! सिम्वा रात्री घ्यावी. अटोर्वा, रोसुवा दिवसात केव्हाही, पण रोज. अंग असह्य दुखू लागले, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात.

— ऊस विकास अधिकारी