अणू जुळले, पण प्रभार जुळत नाही

प्रश्न : मी अकरावीत आहे. आम्लधर्मी द्रावणातील परमँगनेट आणि फेरस आयनांच्या समीकरणात सगळे अणू जुळवले, तरी सर ते चूक म्हणतात. का?

उत्तर : तू एका परमँगनेटसमोर एकच फेरस आयन ठेवला असणार. तेव्हा अणू जुळतात, पण प्रभार डावीकडे +9 आणि उजवीकडे +5 येतो. इलेक्ट्रॉनांचा हिशेब राहून गेला आहे.

दोन्ही अर्ध्या अभिक्रिया वेगळ्या लिही. परमँगनेटमधल्या 4 ऑक्सिजनसाठी उजवीकडे पाण्याचे 4 रेणू आणि त्यातल्या हायड्रोजनसाठी डावीकडे 8 हायड्रोजन आयन. आता डावीकडे +7, उजवीकडे मँगनीजचा +2. म्हणून डावीकडे 5 इलेक्ट्रॉन. फेरसचा फेरिक होताना एकच इलेक्ट्रॉन सुटतो, म्हणून ती अभिक्रिया 5 ने गुण. बेरजेत इलेक्ट्रॉन कटतात आणि दोन्ही बाजूंना +17 येतात.

प्रयोगशाळेत हेच अनुमापन करताना आम्ल सल्फ्युरिकच घे, तेही विरल. हायड्रोक्लोरिकमधल्या क्लोराइडचेही परमँगनेट ऑक्सिडीकरण करते आणि ब्युरेटचे वाचन जास्त येते. परीक्षेत प्रभारांची बेरीज तपासल्याशिवाय पुढच्या प्रश्नाकडे वळू नकोस.