आठवीपर्यंतचं विज्ञान : खिशातून किती जातं, घरी किती येतं?

जून उजाडला की भोकरमधल्या सातवी-आठवीच्या पालकांना पहिली धास्ती असते गणित-विज्ञानाची. ‘क्लास लावावाच लागेल’ असं धरून पैशाची जुळवाजुळव सुरू होते. माझं सांगणं आहे, थोडं थांबा. आधी हिशेब मांडू.

शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत फी नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांत बालभारतीची पुस्तकंही मोफत मिळतात. प्रयोगाच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर पावती मागा. वाडी-तांड्यावरून एसटीने येणाऱ्या मुलींचा पास फुकट, मुलांना सवलतीचा. शाळेतलेच गुरुजी पैसे घेऊन शिकवणी घेत असतील, तर त्याला याच कायद्याच्या २८व्या कलमाने मनाई आहे.

शिकायचं काय असतं? आठवीच्या ‘सामान्य विज्ञान’मध्ये सूक्ष्मजीव, बल व दाब, अणूचं अंतरंग, पेशी, आम्ल-आम्लारी, ध्वनी, प्रकाश असं करत शेवटी ताऱ्यांच्या जीवनयात्रेपर्यंत जायचं आहे. हे पाठ करून येत नाही, हाताने करून येतं. आपल्या नांदेड जिल्ह्यात हळद पिकते. हळदीच्या पाण्यात पांढरा कागद बुडवून वाळवा, त्यावर चुन्याची निवळी टाका. कागद लाल होतो. वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. आम्ल-आम्लारीचा निम्मा धडा घरच्या ओट्यावर, खर्च काहीच नाही. सेल, टॉर्चचा बल्ब आणि हातभर तार शंभराच्या नोटेत येते. विद्युत परिपथ लेकरालाच जोडू द्या. पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलवर उघडला की धड्याचं जादा साहित्य मिळतं. एवढं करूनही अडलं, तर मग क्लासचा विचार करा. पण लावण्याआधी एकच विचारा, ‘इथं प्रयोग दाखवता का?’ नुसत्या नोट्स उतरवून देणाऱ्या क्लासवर मी रुपया घालणार नाही.

आठवीला ढकलून पास करणं आता बंद आहे. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, तिथेही राहिलं तर त्याच वर्गात.

आता येणारा पैसा. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सरकारी किंवा अनुदानित शाळा, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीत ५५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के) एवढं असलं की बसता येतं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. शालेय विषयांच्या ९० गुणांच्या पेपरात ३५ गुण विज्ञानाचे, म्हणून सातवीचं विज्ञान हलक्यात घेऊ नका. ‘इन्स्पायर मानक’ या योजनेसाठी मुख्याध्यापक सहावीपासूनच्या मुलांच्या विज्ञानातल्या कल्पना पाठवू शकतात, निवड झालेल्याला प्रतिकृती बनवायला १०,००० रुपये खात्यावर मिळतात. कल्पना मात्र लेकराचीच हवी.

खर्च खरा सुरू होतो नववीपासून. मोफत पुस्तकं आठवीपर्यंतच, पुढे ती विकत घ्यावी लागतात. दहावीला विज्ञानाचे ४० गुणांचे दोन पेपर आणि २० गुण शाळेतल्या मूल्यमापनाचे.

एनएमएमएसचा अर्ज शाळेतूनच भरला जातो. उत्पन्नाचा दाखला ऐन वेळी हाती येत नाही. तहसीलचा अर्ज जुलैतच टाकून ठेवा आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांना भेटा.