भात, डाळ आणि पालेभाजी : रायपूरच्या ताटातील वनस्पतिजन्य आहार

मांस, मासे व अंडी यांबरोबरच दूध, दही, तूप आणि मधही वर्ज्य करणाऱ्या आहारास 'वीगन' आहार म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये प्रचारात आला. तथापि ज्यांच्या वाट्यास दूधदुभते क्वचितच येते, अशा श्रमिकांचे रोजचे जेवण काही नाव नसतानाही पुष्कळदा याच प्रकारचे असते. छत्तीसगडची राजधानी रायपूर आणि तिच्या भोवतालचा भातशेतीचा प्रदेश हे याचे चांगले उदाहरण होय.

रोजचे जेवण

येथील मुख्य अन्न भात. रात्रीचा उरलेला भात पाण्यात भिजत ठेवून सकाळी मीठ, कांदा व हिरव्या मिरचीबरोबर खातात. त्यास 'बासी' म्हणतात. तांदळाच्या पिठाचे चीला व फरा हे पदार्थ घरोघरी होतात. लाल भाजी, चेच, चरोटा, शेवग्याचा पाला, तिवऱ्याची कोवळी पाने अशा अनेक पालेभाज्या ऋतूप्रमाणे ताटात येतात. उडदाची डाळ व कोहळा यांच्या वड्या वाळवून वर्षभर पुरवितात. गिरौदपुरीचे संत गुरु घासीदास यांनी आपल्या अनुयायांस मांस वर्ज्य करण्याचा उपदेश केला होता. कबीरपंथीयांतही हा नियम आहे.

या जेवणात प्राणिज पदार्थ येतो तो बहुधा ताकाच्या रूपाने. अळूच्या पानांस उडदाचे वाटण लावून केलेला 'इडहर' आणि सुरणाची कढी ताकात शिजवितात. बासीतही पुष्कळजण दही कालवितात. कोरियातील जेवणातही असाच प्रकार आढळतो. तेथेही भात, भाज्या व सोयाबीनचे आंबविलेले पदार्थ हाच रोजच्या अन्नाचा पाया आहे. परंतु 'किमची' या आंबविलेल्या भाजीत बहुधा खारविलेली कोळंबी किंवा माशांचा अर्क घालतात, आणि रश्श्यासाठी सुके मासे उकळतात. तेथील बौद्ध मठांत मासे वर्ज्य असल्याने समुद्रशैवाल व वाळविलेली अळंबी यांचा रस्सा करतात. रायपूरच्या स्वयंपाकघरात ताकाची जागा चिंचेचा कोळ घेऊ शकतो. दोन्ही ठिकाणी पदार्थाचे मूळ रूप कायम राहते. बदलतो तो केवळ एक घटक.

भाताला डाळीची जोड का ?

प्रथिने ही ॲमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी लायसीन तांदळात कमी, पण डाळीत भरपूर असते; उलट मेथायोनीन डाळीत कमी आणि तांदळात त्या मानाने अधिक असते. म्हणून दोन्ही एकत्र घेतल्यास एकाची उणीव दुसरा भरून काढतो. ही जोडी मोडली, तर काय होते याचा कटु अनुभव मध्य भारताने घेतला आहे.

तिवरा, म्हणजे विदर्भातील लाखोळी, हे काटक कडधान्य आहे. भाताची कापणी होण्यापूर्वीच त्याचे बी उभ्या पिकात फेकतात, आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर ते वाढते. या पद्धतीस 'उतेरा' म्हणतात. दुष्काळात इतर पिके बुडाली तरी तिवरा हाती लागतो. परंतु त्याच्या दाण्यात बीटा-ओडॅप नावाचे, मज्जासंस्थेस घातक असे द्रव्य असते; भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ साली ते वेगळे करून दाखविले. इतर अन्नाबरोबर क्वचित खाल्लेला तिवरा सहसा बाधत नाही. पण महिनोन्‌महिने तोच मुख्य अन्न झाला म्हणजे पाय ताठरतात आणि मनुष्य कायमचा पंगू होतो. या रोगास लॅथिरिझम म्हणतात. सागर भागातील अशा रुग्णांचे वर्णन स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८४४ सालच्या ग्रंथात आढळते. १९६१ साली या डाळीच्या विक्रीवर बंदीचा नियम झाला. पुढे रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने हे द्रव्य अत्यल्प असलेला 'महातिवरा' हा वाण तयार केला. दाणे भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिल्यास विषाचा बराच अंश जातो, पण सर्व जात नाही.

वनस्पती जे देऊ शकत नाहीत

ब-१२ हे जीवनसत्त्व केवळ सूक्ष्म जीव निर्माण करतात. धान्य, डाळी व पालेभाज्या यांतून ते मिळत नाही. बासीसारख्या आंबविलेल्या अन्नावरही त्यासाठी विसंबता येत नाही. प्रौढ माणसास दररोज सुमारे अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या दहा लाखांश भागाच्या अडीच पट, एवढेच ते लागते. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे उणीव फार उशिरा ध्यानात येते. मग रक्तक्षय होतो, हातापायांस मुंग्या येतात आणि चालताना तोल जातो. पालेभाज्यांतील फोलेटमुळे रक्तक्षय झाकला जाण्याचा संभव असतो. मज्जातंतूंची हानी मात्र आतल्या आत चालूच राहते. म्हणून दूधही वर्ज्य करणाऱ्यांनी ब-१२ युक्त केलेले अन्न किंवा गोळ्या नियमाने घ्याव्यात. गर्भवती व स्तनदा मातांच्या बाबतीत तर याची हयगय करू नये. कारण मातेची उणीव बालकाच्या मेंदूच्या वाढीस बाधक ठरते.

सारांश, रायपूरच्या साध्या ताटात वनस्पतिजन्य आहाराची बहुतेक सामग्री पूर्वीपासूनच आहे. भाताबरोबर डाळ असावी, डाळी आलटून पालटून असाव्यात, पालेभाजी रोज असावी आणि ब-१२ ची स्वतंत्र तरतूद असावी. पोट भरणे आणि शरीराचे पोषण होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे तिवऱ्याच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.