मजुरी बुडते, म्हणून डोस चुकतो

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात बाळाचा डोस राहिला की ‘या लोकांना समजतच नाही’ असं सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. हातवीजची किंवा आहुप्याची आई लस नको म्हणत नाही. भातकापणी उरकली की ती बाळाला घेऊन नारायणगावकडे कांदा लागवडीला, टोमॅटो तोडायला येते. लसीकरणाचं सत्र गावात आणि बाळ परक्या बांधावर. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या ऊसतोडीला बीडकडून येणाऱ्या टोळ्यांचंही तेच.

संध्याकाळी काम सुटल्यावर लस का मिळत नाही? गोवर-रुबेलाची लस पूड स्वरूपात असते. द्रावणात मिसळली की चार तासांत वापरायची, उरली तर फेकायची. सगळ्याच लसी २ ते ८ अंशांत ठेवायच्या म्हणून सिस्टर बर्फाच्या डब्यासह दुपारनंतर आरोग्य केंद्रात परततात.

खरी अडचण दुसऱ्या दिवशीची. पेंटाव्हॅलंट लसीतल्या डांग्या खोकल्याच्या घटकामुळे रात्री ताप येऊ शकतो. बाळ किरकिरतं, सकाळी आईला कामावर जाता येत नाही, म्हणजे दोन दिवसांचा रोज गेला. पुढच्या वेळी ती कचरली तर दोष कुणाला द्यायचा? हा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. सिस्टरनी दिलेलं पॅरासिटामॉल त्यांनी सांगितलेल्या मापानंच पाजा, अंगावरचं दूध चालू ठेवा, सुईच्या जागी हळद-चुना लावू नका. झटका आला, बाळ मलूल पडलं किंवा दूध ओढेना, तर मात्र थेट दवाखाना गाठा.

डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिला तिथून पुढे. गोवर-रुबेलाचा डोस नवव्या महिन्यात चुकला तरी पाच वर्षांपर्यंत देतात. बीसीजी मात्र वर्षाच्या आतच. साध्या सर्दी-खोकल्यासाठी लस पुढे ढकलू नका. आणि जिथे कामाला असाल तिथल्या सरकारी सत्रात लस मोफत मिळते, गाव कुठलंही असो. कार्ड सोबत ठेवा. हरवलं असेल तरीही जा.

बागायतदारांनो, तुमच्या शेतावर तान्ही बाळं किती, ते गावच्या आशाताईंना कळवा. आणि सत्राच्या दिवशी त्या आईचा अर्ध्या दिवसाचा रोज कापू नका, दुसऱ्या दिवशी ती आली नाही तरी.